हलते का वो?

पोळ्याच्या आदल्या दिवसांत आमच्या गावात, रामाकोन्यात, पोटुशी बाईकडे पाहायला कुणाला सवड नसते. बैलांची खांदशेकणी, शिंगांचा रंग, नव्या वेसणी, झुली यांतच घर गुंतलेलं. त्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णावाले, दुसऱ्या काठावर सावरगाववाले, मधोमध पाण्यात रोवलेल्या पळसावर झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. आमच्या घरातल्या पोरांनी तिकडे फिरकायचं नाही म्हणून मोठ्यांचा आवाज चढलेला. अशा वेळी मी मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसले होते आणि बेंबीच्या खाली, जरा उजवीकडे, काहीतरी झालं. कन्हानच्या उथळ पाण्यात पाय सोडून बसलं की बारक्या मासोळ्या येतात, तळव्याला टोचतात आणि आपण वाकून पाहीपर्यंत निघून जातात, तसं.

मी श्वास धरून थांबले. पुन्हा काही झालं नाही. अंगणात बैलाच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, कुणीतरी कुणाला हिंगूळ मागत होतं, आणि मी पोटावर हात ठेवून बसले होते. कुणाला सांगितलं नाही. सांगण्याइतकी खात्रीच नव्हती. आतड्यातला वारा असेल, सकाळची शिळी भाकर असेल. तरी त्या दिवसापासून मी कामात असतानाही अर्धी आतच कान लावून राहू लागले.

मग एका दुपारी सासूबाईंनीच विचारलं. आम्ही सगळे त्यांना माय म्हणतो. त्या तुरीची डाळ पाखडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "हलते का वो?" मी म्हटलं, "वाटते तं हलल्यावाणी." त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "वाटते म्हणजे हलते. आता रोज ध्यान ठेवजो."

त्या दिवशी मला ते म्हातारपणचं काळजीचं बोलणं वाटलं. त्यामागे काय होतं ते कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

पोटातलं लेकरू आईला कळण्याच्या कितीतरी आधी हलत असतं. सातव्या-आठव्या आठवड्यात, लांबी दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास असते तेव्हाच, सगळं अंग हलकेच आखडतं आणि सैल होतं. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी 1958 मध्ये अल्ट्रासाउंडने पोटातलं पाहायची वाट दाखवली, त्याच वाटेने पुढे हे डोळ्यांना दिसू लागलं. पण गर्भाशयाला आतून स्पर्शाचं भान फारसं नाही, आणि लेकरू पाण्यात तरंगत असतं. त्याचा धक्का पोटाच्या भिंतीपर्यंत पोचेल एवढं बळ त्याच्या अंगात यायला वेळ लागतो. पहिलटकरणीला ते अठरा ते वीस आठवड्यांच्या आसपास कळतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोनेक आठवडे आधी, कारण काय ओळखायचं ते तिला ठाऊक झालेलं असतं. वार पुढच्या बाजूला असली तर धक्का तिच्यातच मुरतो आणि आणखी उशीर होतो. वीस आठवड्यांचं लेकरू डोक्यापासून टाचेपर्यंत पंचवीस सेंटिमीटरच्या घरात भरतं, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवाने तेव्हाच अंगठा तोंडात घातलेला असतो, जांभई दिलेली असते, नाळ मुठीत धरलेली असते. आईला यातलं काही माहीत नसताना ते आपलं सारं शिकत असतं. हा विचार आला की मला आजही भरून येतं.

पोटातला जीव नेमका कधीचा, यावर आपल्या जुन्या ग्रंथांनी पुष्कळ खल केला आहे. सुश्रुतसंहिता म्हणते की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, म्हणून गर्भिणी ही दोन हृदयांची बाई, आणि तिच्या इच्छा अव्हेरू नयेत. गर्भोपनिषद जिवाचा संबंध सातव्या महिन्याशी जोडतं. सुभद्रेच्या पोटात अभिमन्यू चक्रव्यूहाची गोष्ट ऐकतो, पण गोष्ट सांगणाऱ्याचं नाव जितकं लक्षात राहतं तितकी सुभद्रा राहत नाही. मला मात्र नेहमी वाटतं की ती गोष्ट ऐकताना लेकरू आत कसं वळलं, कुठे थांबलं, ते त्या घरात एकट्या सुभद्रेलाच ठाऊक असणार. तिला कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या मागेपुढे कपाशी फुटते आणि शेतं बायांनी भरून जातात. संत्र्याच्या बागा असलेली घरं थोडी. वेचणीला जाणाऱ्या बाया घरोघरी. पोटुशी बाईही जाते. वेचलेला कापूस ठेवायचं फडकं कमरेला बांधायचं ते तिला सहाव्या महिन्यानंतर पोटाच्या वर, छातीखाली बांधावं लागतं. कापूस जमत जातो तसं ओझं पोटावर टेकतं. दिवसभर वाकून, वजन करून, ओझं बांधापर्यंत वाहून ती घरी येते, चूल पेटवते, सगळ्यांची जेवणं उरकते आणि पाठ टेकते, तेव्हा कुठे आत धांदल सुरू होते. माझ्या शेजारची एक वेचणीवाली म्हणायची, "दिवसभर निजते अन् मी निजली का उठते." तिचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून होतं. आई चालत-फिरत असते तेव्हा तिच्या हालण्याने लेकरू झुलतं आणि शांत राहतं, शिवाय कामाच्या धबडग्यात तिचं लक्षही नसतं. संध्याकाळनंतर मात्र लेकराची हालचाल मुळातच वाढते. मध्ये मध्ये ते झोपतं. ही झोप वीस ते चाळीस मिनिटांची, क्वचितच दीड तासाच्या पुढची. पण ज्या बाईला दिवसभरात पाय पसरून अर्धा तास बसायला मिळत नाही, तिने लेकराची झोप कोणती आणि त्याचं गप्प होणं कोणतं, हे ओळखावं कधी? तिला रोज थोडा वेळ डाव्या कुशीवर पडू द्यावं, एवढं तरी प्रत्येक घराला जमायला हवं. मी हे लाडाकोडाचं सांगत नाही. औषधाच्या गोळीइतकीच ती गरज आहे.

माझी आई माहेरी जायची ती छोट्या गाडीने. नागपूर-छिंदवाड्याची नॅरोगेज, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सातपुडा चढत जाणारी. 2015 मध्ये ती बंद झाली आणि पुढे त्याच वाटेवर मोठी लाइन आली. आई सांगते, मी पोटात असताना गाडी चालू असली की मी अगदी गुमान असायची, आणि टेसनावर थांबली की पाय मारायची. आईला वाटायचं, पोरीला गाडी थांबलेली आवडत नाही. झुलण्याचं कारण मला नंतर कळलं, तरी आईने लावलेला अर्थ मी टाकून दिला नाही. पोटातल्या लेकराचा स्वभाव आई असाच एकेका धक्क्यातून रचत जाते, आणि जन्माला येतं तेव्हा ते तिच्या ओळखीचं असतं.

माझ्या वेळी सातव्या महिन्यात आवाजांची गंमत सुरू झाली. पंचवीस आठवड्यांच्या सुमाराला लेकरू बाहेरच्या आवाजाला दचकू लागतं. कुकरची शिट्टी झाली की माझं पोट एका बाजूला उचललं जायचं. मंदिरात झांजा वाजल्या की आत खळबळ. पाण्यातून आणि मांसातून जाताना शब्दांच्या कडा विरतात, पण बोलण्याचा चढउतार पोचतो. जर्मनीतल्या काथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांचं रडणं खालून वर चढत होतं, जर्मन बाळांचं वरून खाली उतरत होतं, त्यांच्या त्यांच्या भाषेच्या वळणाने. म्हणजे भाषा आतच लागलेली असते. हे वाचलं तेव्हा मला आमचं घर आठवलं. हा मुलूख 1956 साली मध्य प्रदेशात राहिला, 2023 मध्ये सौसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा जिल्हा झाला. कचेरीची, दवाखान्याची, पाटीवरची भाषा हिंदी, आणि चुलीजवळची मराठी, तीही आमची नागपुरी वळणाची, 'करून राह्यली', 'जाऊन राह्यली' वाली. माझ्या लेकराने आत पडल्या पडल्या माझ्या तोंडून दोन्ही ऐकलं असणार. नर्सबाई तपासताना विचारायची, "बच्चा घूमता है ना?" मी म्हणायची, "हाँ, घूमता है," आणि घरी आले की माय विचारायच्या, "हलते का वो?" प्रश्न एकच. उत्तर द्यायला अख्ख्या गावात मी एकटीच.

हे एकटेपण मला आधी जाणवलंच नव्हतं. नवऱ्याने पोटावर हात ठेवला की आतलं हटकून थांबायचं. तो वाट पाहून हात काढायचा आणि लगेच डावीकडून एक ढुशी. कितीदा असं झालं. मी सांगायची, तो ऐकायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं की तो माझ्या शब्दावर विश्वास ठेवतो आहे, त्याला स्वतःला मात्र काही मिळालेलं नाही. पुढे आठव्या महिन्यात पोटाची कातडी वर येऊन कोपर की टाच सरकताना दिसायला लागली, तेव्हा त्यानेही पाहिलं. उचक्याही कळायच्या, एका लयीत, बराच वेळ. तोवरचे दोन-अडीच महिने आतल्या या माणसाची बातमी जगाला माझ्याचकडून होती.

आपल्याकडच्या सुनेचा शब्द घरात किती वजनाचा असतो ते मी सांगायला नको. शेतात काय पेरायचं, पैसा कुठे ठेवायचा, लग्नात कोणाला किती आहेर करायचा, यांत तिला कुणी विचारत नाही. आणि त्याच घरात, त्याच बाईजवळ, पाच महिने अशी एक माहिती असते की तिच्याशिवाय ती कुणाला मिळूच शकत नाही. सोनोग्राफी महिन्या-दोन महिन्यांतून पाच मिनिटं पाहते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची तपासणी असते, तिथेही ठोके मोजतात ते त्या घटकेचे. मधले सगळे दिवस आणि सगळ्या रात्री तिच्याच. म्हणून ती म्हणाली की आज काहीतरी वेगळं वाटतं, तर तो शब्द सगळ्यांच्या वरचा धरायला हवा. माझं या विषयावर एवढंच म्हणणं आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगते.

कार्डिफचे पिअर्सन आणि वीव्हर या दोन डॉक्टरांनी 1976 साली हेच ओळखलं होतं. त्यांनी बायांच्या हाती तक्ता दिला: सकाळपासून हालचाली मोजायच्या, दहा झाल्या की वेळ लिहायची. आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले. आता डॉक्टर बहुधा सांगतात की प्रत्येक लेकराची आपली एक चाल असते, ती आईने ओळखावी आणि त्यात फरक पडला की त्याच दिवशी दाखवावं. शंका आली तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यावं, दोन तासांत दहा हालचालीही झाल्या नाहीत तर थांबू नये. पण गल्लीतली समजूत वेगळीच असते. नववा लागला की जागा उरत नाही, लेकरू हलणं सोडतं, असं मी कितीजणींच्या तोंडून ऐकलं आहे. हे खरं नाही. जागा कमी होते तशी उड्यांची तऱ्हा बदलते, ढकलणं आणि लोळणं वाढतं. पण हलणं शेवटपर्यंत, कळा सुरू होईपर्यंत राहतं. गूळपाणी पाजून उद्यापर्यंत वाट पाहणं हा त्यावरचा उपाय नाही. प्राणवायू कमी पडू लागला की आतलं लेकरू आपलं हलणं कमी करतं. गप्प होणं ही त्याची हाक असते.

थंडी पडायला लागली होती तेव्हा माझ्यावरही तशी एक संध्याकाळ आली. दुपारनंतर काहीच नाही. जेवले, पडले, कूस बदलली, पोटाला हाताने हलवलं. एक पुसटसं काही झालं की काय असं वाटलं, आणि तेही खरं वाटेना. नवरा म्हणाला, निजलं असेल. मी मायकडे गेले. त्या अंथरुणावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "माय, दुपारपासून हलत नाई." त्यांनी एक शब्द विचारला नाही. किती वाजल्यापासून, काय खाल्लं, काही नाही. उठल्या, लुगडं सारखं केलं, नवऱ्याला म्हणाल्या, "आशाबाईले फोन लाव अन् गाडी बोलाव." त्याने सकाळचं नाव काढलं तर त्यांनी असं पाहिलं की तो पुढे बोलला नाही. 108 ची गाडी आली. रस्त्याने त्यांनी माझा हात सोडला नाही आणि त्या अख्ख्या वाटेत बोलल्याही नाहीत.

दवाखान्यात पोटाला पट्टे लावले. आधी नुसती खरखर, मग माझ्याच नाडीचे संथ ठोके, आणि मग त्यांच्या वरून धावत जाणारे दुसरे, मिनिटाला एकशे चाळीसच्या घरातले. लेकराचे ठोके एकशे दहा ते एकशे साठच्या मधले असले की ठीक समजतात. नर्स म्हणाली, ठीक आहे, तरी रात्रभर ठेवू. पहाटे पोटात एक सणसणीत लाथ बसली. मी मायला सांगितलं, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. मोठ्याने, बाकीच्या बाया जाग्या होतील इतक्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला सगळं सांगितलं ते लेक झाल्यावर, तिला तेल लावताना. नवऱ्याच्या आधीचं एक होतं. भरलेले दिवस. ते डाव्या बाजूला जास्त हलायचं, आणि कपाशीचं ओझं डोक्यावर घेतलं की गप्प व्हायचं, उतरवलं की परत. एका रात्री गप्प झालं ते झालं. त्यांनी सासूला सांगितलं. सासू म्हणाली निजलं असंल, घरचे पुरुष म्हणाले उजाडू दे. उजाडल्यावर गेले. "मले रातीच समजलं होतं," माय म्हणाल्या, "पण माह्या बोलण्यानं कोण उठते?" लेकीचा पाय चोळणारा त्यांचा हात थांबला नव्हता. "मुलगा होता. हात-पाय सगळे होते. नाव नाई ठेवलं."

मग त्यांनी विचारलं ते मी विसरणार नाही. अजूनही कधी कधी रात्री पोटात हलल्यासारखं होतं, डावीकडेच. हे बिमारीचं असतं का, म्हणून. पाच बाळंतपणांनंतर, इतक्या वर्षांनी, त्यांनी हे कुणालाच विचारलं नव्हतं. मी शोधून वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी बायांना हाच प्रश्न विचारला होता. साधारण दहांतल्या चौघींनी सांगितलं की बाळंतपणानंतरही पोटात लाथा जाणवतात, कुणाला काही वर्षं, एकीला अठ्ठावीस वर्षांनंतरही. आणि अमेरिकेतल्या डायना बियांकी यांनी 1996 मध्ये दाखवलं की पोटातल्या मुलाच्या पेशी आईच्या रक्तात राहून जातात. एका आईत त्या मुलगा झाल्यावर सत्तावीस वर्षांनी सापडल्या. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि मी तसं मायला सांगितलंही नाही. इतकंच सांगितलं की हे पुष्कळ बायांना होतं, यात बिमारी नाही, आणि लेकराचं थोडं काही आईच्या अंगात राहतं हे मशिनीत दिसलेलं आहे. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "पोराचं? जे राह्यलं नाई त्याचंबी?" मी म्हटलं, त्याचंही राहू शकतं, माय.

दवाखान्याच्या कार्डावर किती वेळा दिवस गेले त्याचा एक रकाना असतो आणि हयात लेकरं किती याचा दुसरा. रेशनकार्डावर, मतदारयादीत, शाळेच्या दाखल्यांत मायची लेकरं चारच आहेत. त्या मात्र आता कुणी विचारलं की पाच सांगतात, न थांबता, आणि समोरच्याने बोटं मोजून पाहिली तरी आकडा बदलत नाहीत. आमच्याकडे सर्वेक्षणाला आलेल्या मुलीने परवा माझ्याकडे वळून विचारलं, दीदी, कितने बच्चे हैं इनके? मी म्हटलं, पाँच. एक नहीं रहा. लिखो.